जुन्या घराला नवी खोली जोडताना : गोंदिया जिल्ह्यातील स्वयंनिर्मित घरविस्ताराचे रचनात्मक प्रश्न

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या आठ तालुक्यांचा हा प्रदेश धानाचा, तलावांचा आणि भरपूर पावसाचा आहे. येथील ग्रामीण घर एकदा बांधून पूर्ण होत नाही, ते वाढत जाते. मुलाचे लग्न ठरले की मागच्या बाजूला खोली निघते, धानाच्या कट्ट्यांना जागा अपुरी पडली की सपरी बंदिस्त होते, शासनाचे घरकुल मिळाले की त्याला लागून स्वयंपाकघर उभे राहते. पुढे एखाद्या चांगल्या हंगामानंतर वर माडी चढविण्याचा विचार सुरू होतो. हे सारे बांधकाम बहुधा उन्हाळ्यात, पाऊस येण्यापूर्वी छत पडलेच पाहिजे या घाईत होते. नकाशा नसतो आणि अभियंताही नसतो. घरधनी व गावातील मिस्त्री एका सकाळी दोरी ताणून पाया आखतात.

अशा बांधकामास केवळ अडाणीपणा म्हणून हिणविणे योग्य नाही. मिस्त्रीच्या हातात पिढ्यांचा अनुभव असतो. परंतु तो अनुभव प्रामुख्याने संपूर्ण घर बांधण्याचा असतो. उभ्या घराला दुसरे घर जोडणे ही रचनाशास्त्राच्या दृष्टीने वेगळी क्रिया आहे. जुना भाग व नवा भाग यांचे वय, वजन, पाया आणि साहित्य भिन्न असते. ज्या भेगा, गळती व पडझड पुढे दिसते, तिचे मूळ बहुतेक वेळा या दोहोंच्या सांध्यात सापडते. प्रस्तुत लेखात त्या सांध्याचा विचार मुख्यत्वे केला आहे.

जुन्या घराची रचना

जिल्ह्यातील पारंपरिक घराच्या भिंती मातीच्या, छप्पर कवेलूंचे आणि सांगाडा लाकडाचा असतो. खांबांवर मयाल, मयालीवर फाटे, त्यावर बांबू आणि कवेलू अशी ही उतरंड होय. समोर सपरी, मागे सांदवाडी. अनेक घरांत छपराचे वजन खांबच वाहतात आणि मातीची भिंत केवळ आडोसा व गारवा देते. काही घरांत मात्र खांब नसून भिंतच छप्पर पेलते. बाहेरून दोन्ही घरे सारखीच दिसतात. त्यामुळे कोणती भिंत फोडता येईल याचे उत्तर आतील लाकूड पाहिल्याशिवाय देता येत नाही. लाकूड पाहायचे ते खांबाच्या बुडाशी, कारण वाळवी प्रथम तेथेच लागते. वरून भक्कम दिसणारा खांब जमिनीलगत पोकळ झालेला असू शकतो, आणि घराचा भार नकळत भिंतीवर आलेला असतो. अशा घराची भिंत नव्या खोलीच्या दारासाठी फोडली तर शेवटचा आधारच निघून जातो.

कवेलूचे छप्पर हलके नसते. एकेरी थर व बांबू मिळून प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ७० किलो, तर दुहेरी थर असल्यास १२० किलोपर्यंत भार येतो. याउलट दहा सेंटिमीटर जाडीच्या सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबचे स्वतःचेच वजन चौरस मीटरला २५० किलो असते आणि त्यावरील थर व माणसांचा वावर धरल्यास हा आकडा ४७५ किलोच्या घरात जातो. म्हणजे जी मातीची भिंत कवेलू पेलते, ती स्लॅबही पेलेल असे गृहीत धरता येत नाही. तरीही खर्च वाचविण्यासाठी नव्या खोलीच्या स्लॅबची एक कड जुन्या मातीच्या भिंतीत चार इंच खाच पाडून टेकविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तीन मीटर रुंदीच्या खोलीत त्या भिंतीच्या प्रत्येक मीटरवर सुमारे ७०० किलो नवा भार येतो, तोही भिंतीच्या मध्यावर न येता एका कडेवर. कोरडी भिंत हे काही काळ सहन करते. भिजलेली भिंत ते सहन करीलच याची शाश्वती नाही, आणि ती भिजते तेव्हा बहुधा रात्रीचा पाऊस असतो व माणसे तिच्या आडोशाला झोपलेली असतात.

जमीन : बांधी, भर आणि कन्हार

या भागातील शेतकऱ्याने मातीचे स्वतःचे वर्गीकरण केलेले आहे. काळी व भारी ती कन्हार, मध्यम प्रतीची मोरांड, त्याखालोखाल खर्डी, पिवळसर रेताड व धानाला मानवणारी सिहार, तांबूस व मुरमाड ती बर्डी. ही नावे पिकाच्या दृष्टीने दिलेली असली तरी पाया खणणाऱ्यालाही ती उपयोगी पडतात. बर्डीवरील घर बहुधा निश्चिंत असते. सिहार मातीत निचरा बरा होतो. खरा प्रश्न कन्हारचा व बुजविलेल्या बांधीचा आहे.

कन्हार मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात व उन्हाळ्यात आकसतात. एप्रिल-मे महिन्यांत शेतात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा घराखालीही पडू पाहतात. जुन्या घराच्या मध्यभागाखालील मातीचा ओलावा वर्षानुवर्षे छपराच्या आडोशाने स्थिर झालेला असतो. नव्या खोलीखालील माती मात्र कालपर्यंत उघड्यावर होती. खोली बांधली गेली मे महिन्यात, म्हणजे माती पूर्णपणे आकसलेली असताना. पहिल्याच पावसाळ्यात ती फुगते आणि नवी खोली वर उचलली जाते. जुने घर जागेवरच राहते. सांध्यावर उभी भेग पडते ती यामुळे. खोली हलकी आहे, तिला खोल पाया कशाला, हा युक्तिवाद येथे उलटा ठरतो. हलक्या खोलीचे वजन फुगणाऱ्या मातीचा दाब थोपविण्यास पुरत नाही.

काळ्या मातीच्या या दोषावर मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी दीर्घकाळ संशोधन केले व पायाखाली न फुगणाऱ्या, चिकट मातीचा दाबून बसविलेला थर देण्याची पद्धत रूढ केली. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले खांब-पाये विकसित केले. एका खोलीसाठी दुसरा उपाय खर्चिक वाटेल, पहिला मात्र आवाक्यातील आहे. पायाची चर अधिक रुंद व खोल घेऊन तीत चांगला चिकट मुरूम थराथराने, पाणी मारून, धुमसाने ठोकून भरावा. नुसती रेती भरू नये. काळ्या मातीत खणलेली रेतीची चर पावसाळ्यात पाण्याची टाकी बनते आणि जी माती कोरडी ठेवायची तिलाच पाणी पाजते.

दुसरा प्रकार बांधीचा. गावठाणालगतच्या धानाच्या बांधीत भर घालून तीवर खोली बांधणे आता सर्रास दिसते. बांधीतील माती वर्षानुवर्षे चिखलणी करून मुद्दाम मऊ केलेली असते. रोवणीला तेच हवे असते. तीवर टाकलेली भर वरून कठीण भासली तरी खाली मऊ थर तसाच राहतो. बोडी वा तलावाजवळ पावसाळ्यात भूजल जमिनीच्या जवळ येते व हा थर अधिकच ढिला होतो. यासाठी अंगठ्याची एक साधी परीक्षा मानकांतही मान्य आहे. मध्यम जोराने दाबल्यावर अंगठा रुततो अशा मऊ चिकणमातीवर चौरस मीटरला दहा टनांपर्यंत भार प्राथमिक अंदाजाने धरता येतो. अंगठा सहज काही सेंटिमीटर आत जात असेल तर तो पाच टनांहून अधिक धरू नये. ही परीक्षा मे महिन्यातील कोरड्या चरीत घेण्यात अर्थ नाही. ती पाऊस पडून गेल्यावर, पायाच्या तळाशी घ्यावी.

महाविद्यालयांच्या दृष्टीने आणखी एक परीक्षा उल्लेखनीय आहे. बारीक चाळणीतून गाळलेली दहा ग्रॅम कोरडी माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत टाकावी, एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरावे आणि चोवीस तासांनी दोन्हींतील मातीचे घनफळ मोजावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील वाढ शेकडा किती हे काढले की मुक्त फुगवटा निर्देशांक मिळतो. भारतीय मानक संस्थेने १९७७ मध्ये ही पद्धत प्रमाणित केली. ५० टक्क्यांखालील माती फारशी त्रासदायक नसते, १०० टक्क्यांच्या वर ती गंभीर मानली जाते. पदवी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत याहून अधिक काही लागत नाही. शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र-स्फुरद-पालाश कळते, घर उभे राहील की नाही हे कळत नाही.

सांधा : पूर्ण वेगळा अथवा पूर्ण एक

कोणतीही नवी इमारत बांधल्यावर थोडी खचतेच. रेताड जमिनीत हे खचणे बांधकामाबरोबरच संपते, चिकणमातीत ते काही वर्षे चालते. जुने घर खचून स्थिर झालेले असते, नवे नुकतेच खचू लागते. अशा दोन भागांना घट्ट बांधले तर नवा भाग जुन्याला खाली ओढतो, नाहीतर सांधा फाटतो. विटांच्या घरात पुढील वाढीसाठी भिंतीच्या टोकाला सोडलेले ‘दात’ याच कारणाने फसवे असतात. त्यांत नव्या विटा गुंफल्या की भिंत एकसंध दिसते, परंतु खालचे पाये एकसंध झालेले नसतात.

यातून दोनच मार्ग संभवतात. पहिला, नवी खोली पूर्णपणे स्वतंत्र ठेवावी. तिच्या चारही भिंती व पाया स्वतःचा असावा, जुन्या भिंतीपासून सुमारे एक इंच फट सोडावी, फटीत थर्माकोलसारखा दबणारा पदार्थ भरावा आणि वरून पत्र्याची वाकविलेली पट्टी अशी बसवावी की तिची एकच कड पक्की राहील. दुसरा, जमीन सारखी व जुने घर पक्के असल्यास दोन्ही पाये एकाच पातळीवर घेऊन जोत्याच्या व छताच्या पातळीवर सलोह काँक्रीटच्या पट्ट्यांनी ते खरोखरच एक करावेत. दुसरा मार्ग अभियंत्याच्या आकडेमोडीशिवाय अनुसरू नये. ग्रामीण घरांच्या बाबतीत पहिलाच बहुधा योग्य. चौथी भिंत वेगळी बांधण्याचा खर्च घरधन्याला उधळपट्टी वाटतो हे खरे, पण त्या एका भिंतीच्या बचतीपायी दोन्ही घरे एकमेकांच्या दुखण्यात गुंततात. प्रत्यक्षात स्वीकारला जातो तो तिसरा, अर्धवट मार्ग : पाया वेगळा, भिंत सामाईक, स्लॅब टेकविलेला.

खणतानाचा धोकाही याच सांध्यावर असतो. मातीच्या घराचा पाया उथळ असतो. त्याला लागून अधिक खोल चर एकाच दिवशी संपूर्ण लांबीने खणली तर जुन्या पायाखालची माती बाजूला सरकते. चिकणमातीत दोन पायांच्या खोलीतील प्रत्येक फूट फरकासाठी निदान दोन फूट आडवे अंतर ठेवावे असा मानकांचा संकेत आहे. जागेअभावी ते शक्य नसेल तर चर तीन-चार फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक खणावी व भरलेला तुकडा घट्ट झाल्यावरच पुढचा घ्यावा.

पाणी

सांधा कसाही असला तरी पाणी तेथेच शोधत येते. जुन्या छपराचा उतार नव्या भिंतीकडे असला की दोहोंमध्ये पन्हळ तयार होते. पावसाळ्यात १,२०० मिलिमीटर पाऊस धरला तर बारा चौरस मीटरच्या छपरावरून हंगामात १४,००० लिटरहून अधिक पाणी उतरते, आणि ते सारे या एकाच रेषेत. पन्हळीला पुरेसा उतार व बाहेर पडण्यास वाट नसेल तर ते मातीच्या भिंतीच्या डोक्यावर मुरते. सिमेंटचा गिलावा हा यावरील उपाय समजला जातो, प्रत्यक्षात तो अपाय ठरतो. मातीच्या भिंतीला आत आलेला ओलावा पृष्ठभागातून बाहेर टाकावा लागतो. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो, भिंत आतून मऊ होते व एक दिवस गिलाव्याचा पापुद्रा मातीसह सुटतो. शेणामातीचे सारवण दरवर्षी करावे लागते, पण ते भिंतीला श्वास घेऊ देते.

पत्र्याची पडवी

कवेलू दरवर्षी फेरावे लागतात आणि माकडांच्या टोळ्यांपुढे ते टिकत नाहीत, म्हणून लोक पत्र्याकडे वळले. हा बदल समजण्यासारखा आहे. परंतु कवेलूचे छप्पर वजनानेच जागेवर राहते, पत्र्याला बांधावे लागते. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर असता त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५५ किलो होतो. मानकांनुसार नागपूरसाठी धरावयाचा मूलभूत वेग याहूनही अधिक, सेकंदाला ४४ मीटर आहे. उघड्या पडवीत वारा खालून शिरतो व वरून ओढतो. तीन मीटर बाय चार मीटरच्या पडवीवर वर उचलणारे बल सुमारे ६६० किलो, तर पत्रे व पाइप मिळून तिचे वजन दीडशे किलोच्या आसपास. उरलेल्या पाचशे किलोंपैकी निम्मा ओढा बाहेरच्या खांबांवर आणि निम्मा घराच्या भिंतीवर येतो. मातीच्या भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांनी अडीचशे किलोंचा ओढा धरावा अशी अपेक्षा करता येत नाही. पत्र्यावर ठेवलेले दगड या वेळी छप्पर तर राखत नाहीतच, उलट खाली येतात. म्हणून पडवीलाही स्वतःचे चार खांब असावेत. दीड फूट लांब-रुंद व दोन फूट खोल काँक्रीटचा एक ठोकळा सुमारे ३०० किलोंचा होतो. असे चार ठोकळे वरील ओढा निर्धास्तपणे धरतात आणि घराच्या भिंतीला हातही लावावा लागत नाही.

घरकुलावर माडी

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. एवढ्यात वाढत्या कुटुंबाचे भागत नाही आणि सांदवाडीत जागा नसल्यास वर बांधण्याची इच्छा होते. येथे साधे गणित करून पाहणे इष्ट ठरेल. नऊ इंची, तीन मीटर उंच विटांच्या भिंतीचे वजन मीटरला सुमारे १,३०० किलो. स्लॅबचा वाटा ७०० किलो. जोते व पाया मिळून आणखी ७०० किलो. पाया ६० सेंटिमीटर रुंद असल्यास जमिनीवर चौरस मीटरला सुमारे ४,५०० किलो भार येतो. वर तशीच एक खोली चढविली की तो ७,८०० किलोंवर जातो. मुरमाड जमिनीत हे निभावेल. अंगठा सहज रुतणाऱ्या, भर घातलेल्या बांधीत पाच टनांची मर्यादा कधीच ओलांडलेली असते. तळमजल्याची मधली भिंत साडेचार इंची असल्यास तीवर वरची भिंत उभी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पुढे कधीतरी वर बांधू या आशेने अनेक घरांच्या छतावर कॉलमच्या सळया उघड्या सोडलेल्या दिसतात. या सळया बहुधा एक-दीड फुटाच्या असतात. आज सर्वत्र मिळणाऱ्या ५०० प्रतीच्या १२ मिलिमीटर सळईला साध्या, एम-२० काँक्रीटमध्ये सुमारे ६८ सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फूट जोड लागतो. शिवाय दहा पावसाळे खाल्लेली सळई मूळ जाडीची राहत नाही. सळया सोडावयाच्याच असतील तर पुरेशा लांबीच्या सोडाव्यात व हलक्या काँक्रीटने झाकून ठेवाव्यात.

घाईचा फटका स्लॅबलाही बसतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू निदान सात दिवस व तुळईखालचे चौदा दिवस काढू नयेत असा मानकांचा दंडक आहे. राखमिश्रित सिमेंट, जे आज बाजारात सर्वाधिक मिळते, सावकाश बळ धरते, त्यामुळे त्याला याहून अधिक मुदत द्यावी. मे महिन्याच्या उन्हात दहा दिवस सतत पाणी मारणे आवश्यक असते आणि नेमके तेव्हाच विहिरींना पाणी नसते.

भूकंपाचा विचार

पूर्व विदर्भात भूकंपाचे भय कोणी धरीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ पूर्वी किल्लारीतही ते कोणी धरीत नव्हते. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो पहिला पट्टाच रद्द करून दुसऱ्यात विलीन करण्यात आला. त्या आपत्तीत मातीच्या गाऱ्यातील दगडी भिंती व धाब्याचा भार माणसांवर कोसळला, मात्र अनेक घरांत आतील लाकडी खण-खांबांचा सांगाडा उभाच राहिला. २२ मे १९९७ रोजी जबलपूरलाही धक्का बसला, आणि ते शहर गोंदियापासून फार दूर नाही. झाडीपट्टीतील घराचा लाकडी सांगाडा हे त्या घराचे खरे बळ आहे. विस्ताराच्या ओघात मधला खांब अडचण म्हणून कापला जातो, तेव्हा हे बळ जाते. नवे दार कोपऱ्याला खेटून काढल्यानेही भिंतीची पकड सुटते. ते कोपऱ्यापासून दूर घ्यावे व वर दोन्ही बाजूंना पुरेशी टेक असलेली तुळई द्यावी.

परवानगी व पाहणी

गावठाणातील बांधकामास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार परवानगी लागते. प्रत्यक्ष चर्चा बहुधा हद्द आणि रस्त्याचे अंतर यांभोवती फिरते, पायाखाली कोणती माती आहे हा प्रश्न कागदावर येत नाही. तो बांधणाऱ्यानेच विचारावयाचा आहे.

ज्या घरांत विस्तार आधीच झालेला आहे, तेथे भेगांचे निरीक्षण हा पहिला उपाय होय. गिलाव्यातील केसासारख्या जाळीदार भेगा सहसा निरुपद्रवी असतात. तिरपी, वर रुंद व खाली निमुळती भेग भिंतीचे टोक खचत असल्याचे दाखविते, तर खाली रुंद व वर निमुळती भेग मधला भाग खचत असल्याचे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी फुटली तर भेग जिवंत आहे. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळा ठोकून त्यांतील अंतर दरमहा एका वर्षापर्यंत नोंदवावे. मे महिन्यात वाढलेले अंतर ऑगस्टमध्ये कमी होत असेल तर दोष कन्हार मातीचा आहे. तेथे भिंतीभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उताराची फरशी करून पाणी दूर नेल्यास बराच फरक पडतो व भेग बुजविण्याचे काम त्यानंतर करावे. ऋतू कोणताही असो, अंतर वाढतच असेल तर पाया खचत आहे. अशा वेळी भेग बुजविण्यावर पैसा घालण्याआधी त्या भिंतीवर टेकलेल्या स्लॅबखाली टेकू द्यावेत, आणि अभियंता पाहून जाईपर्यंत त्या खोलीत कोणी झोपू नये.